म्हशीच्या पोटातली वस्ती: जनावरांच्या पचनमार्गातल्या जिवाणूंविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बेळगावात बी.एस्सी.च्या मुलांना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो आणि सुट्टी मिळाली की खानापूर तालुक्यातल्या घरी, गोठ्यात असतो. प्रश्न दोन्हीकडे येतात. दहावीपर्यंत मराठीत शिकून पीयूसीला, म्हणजे अकरावीला, एकदम इंग्रजीत पडलेली मुलं लॅटिन नावांना घाबरतात. डेअरीत कॅन घेऊन रांगेत उभे राहणारे विचारतात की यंदा दुधाला फॅट का लागत नाही. खरं तर दोघांच्या प्रश्नाचं उत्तर एकाच जागी आहे, जनावराच्या पोटात. वैरण आधी जिवाणू खातात आणि त्यांच्या जिवावर म्हैस जगते. तिथं कोण कोण राहतं हे कळलं की वैरणीचा निम्मा गोंधळ मिटतो, म्हणून हे पान लिहिलं.

गाई-म्हशीला चार पोटं असतात म्हणतात. जिवाणू कुठल्या पोटात असतात?

थोडेफार सगळीकडे असतात, पण खरी वस्ती पहिल्या पोटात, म्हणजे कोठीपोटात. त्यानंतर जाळीपोट, मग पडदेपोट आणि शेवटी चौथं, आपल्या जठरासारखं आम्ल सोडणारं खरं पोट. मोठ्या जनावराच्या कोठीपोटात शंभर लिटरच्या वर माल मावतो. आत सुमारे ३९ अंश सेल्सिअसची ऊब असते, ऑक्सिजन जवळजवळ नसतो आणि लाळेतला सोडा सतत उतरत असल्यामुळे सामू (पीएच; आम्ल वाढलं की तो उतरतो) साधारण ६ ते ७ च्या दरम्यान टिकतो. या कोठीतल्या एका मिलिलिटर रसात एक हजार कोटी ते दहा हजार कोटी जिवाणू असतात. शिवाय आदिजीव, म्हणजे एका पेशीचे प्रोटोझोआ, आहेत, बुरशा आहेत आणि मिथेन करणारे आर्किया आहेत.

म्हशीच्या डाव्या भकाळीत, म्हणजे शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्यामधल्या खळग्यात, मूठ दाबून धरा आणि दोन मिनिटं थांबा. आतून मूठ वर उचलली जाते, पुन्हा खाली बसते. दोन मिनिटांत दोन-तीन वेळा असं झालं तर कोठी घुसळते आहे असं समजा. आमच्याकडे आजारी जनावराला मी पहिल्यांदा इथंच हात लावतो.

वाळलं पिंजर खाऊन दूध येतं कसं?

पिंजरातला, म्हणजे पेंढ्यातला, मुख्य भाग सेल्युलोज. ते तोडणारं विकर (एन्झाइम) कुठल्याही सस्तन प्राण्याचं स्वतःचं शरीर तयार करत नाही. म्हशीचं नाही आणि आपलंही नाही. ते काम फायब्रोबॅक्टर सक्सिनोजेनेस, रुमिनोकॉकस अल्बस आणि रुमिनोकॉकस फ्लेव्हफेशियन्स यांच्यासारखे तंतू फोडणारे जिवाणू करतात. ते काडीला चिकटून बसतात आणि तिथंच विकरं सोडतात. सुटलेल्या साखरेचं आंबवण होऊन तीन मुख्य आम्लं बनतात: ॲसेटिक, प्रोपिओनिक आणि ब्युटिरिक. ती कोठीच्या भिंतीतून रक्तात जातात. जनावराच्या ऊर्जेचा मोठा वाटा यांचाच.

दुसरी गोष्ट मला अजूनही थक्क करते. हे जिवाणू वाढतात, अन्नाबरोबर पुढं वाहत जातात आणि चौथ्या पोटात पोचल्यावर स्वतःच पचवले जातात. म्हशीला मिळणारी बरीचशी प्रथिनं ही अशी जिवाणूंच्या शरीरातली असतात. ब १२ जीवनसत्त्वही त्यांनीच बनवलेलं असतं, फक्त त्यासाठी वैरणीतून कोबाल्ट मिळावं लागतं.

"सर, म्हस खातीया चांगलं, खरं फॅट काय लागंना."

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दुधातल्या फॅटचा मोठा भाग कास ॲसेटिक आम्लापासून तयार करते. ॲसेटिक आम्ल मुख्यतः तंतू फोडणाऱ्या जिवाणूंच्या कामातून येतं. आंबोण, म्हणजे भिजवलेला खुराक, वाढवलं, पेंड आणि मक्याचा भरडा जास्त झाला, वैरण कमी झाली किंवा फार बारीक कुटली गेली, तर पिठूळ पदार्थ खाणारे जिवाणू वरचढ होतात. प्रोपिओनिकचा वाटा वाढतो, ॲसेटिकचा घटतो. रवंथ कमी झाल्यानं लाळ कमी उतरते, सामू खाली जातो, आणि तंतू फोडणाऱ्यांना सामू ६ च्या खाली गेलेला अजिबात सोसत नाही.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट घडते. पेंडीतल्या तेलाचं रूप बदलण्याचं काम ब्युटिरिव्हिब्रिओसारखे जिवाणू करतात. सामू बिघडला की ते काम वेगळ्या वाटेनं जातं, आणि त्यातून तयार होणारे काही मेदाचे अंश कासेत फॅट बनण्यालाच अडवतात. म्हणून दूध तेवढंच राहतं किंवा वाढतंसुद्धा, फॅट मात्र पडतं.

उपाय साधा आहे. आंबोणाचा एकच मोठा हप्ता न घालता दोन-तीन वेळा विभागून द्या. आधी वैरण टाका, मग आंबोण. कडबा पिठासारखा कुटू नका. म्हैस दिवसातून सात-आठ तास रवंथ करते का, यावर लक्ष ठेवा. आमचे कन्नडभाषक शेजारी रवंथाला 'मेलुकु' म्हणतात, आणि त्यांच्याही गोठ्यात मी हेच सांगतो.

या जिवाणूंचं वर्गीकरण कशावरून करतात? दिसायला तर सगळे ठिपके आणि काड्या.

सुरुवात दिसण्यावरूनच झाली: गोल, दांडा, वळणाचा. सेलेनोमोनस हा जिवाणू तर चंद्रकोरीसारखा दिसतो आणि त्याच्या नावातही चंद्र आहे. पुढं १८८४ मध्ये डेन्मार्कच्या हान्स क्रिश्चन ग्रॅम यांनी रंगवण्याची पद्धत दिली. जांभळा रंग धरून ठेवणारे ग्रॅम-पॉझिटिव्ह, सोडून देणारे ग्रॅम-निगेटिव्ह. आजही प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी मुलं हेच करतात.

तिसरी फूटपट्टी कामाची: तंतू फोडणारे, पिष्ट खाणारे, प्रथिनं तोडणारे, लॅक्टिक आम्ल संपवणारे. जनावरं पाळणाऱ्याला हीच सगळ्यात उपयोगी पडते. पण कामावरून नातं कळत नाही. एकाच गल्लीत दोन सुतार असले म्हणून ते भाऊ ठरत नाहीत.

नातं कळायला आनुवंशिक द्रव्य वाचावं लागलं. प्रत्येक जिवाणूत प्रथिनं बनवणारं यंत्र असतं, आणि त्याच्या एका भागाचं, १६एस आरआरएनएचं, जनुक सगळ्यांत असतं. ते सुमारे १,५०० अक्षरांचं आहे. त्यातले काही पट्टे कोट्यवधी वर्षांत फारसे बदलले नाहीत. त्यांच्यामधले नऊ पट्टे मात्र प्रत्येक गटात वेगळे आहेत. दोन जिवाणूंचे हे पट्टे जुळवून पाहिले की नातं किती जवळचं ते मोजता येतं. अमेरिकेतले कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये याच आरआरएनएच्या आधारे दाखवलं की मिथेन करणारे सूक्ष्मजीव जिवाणूंच्या घराण्यातले नाहीतच, त्यांचं घराणं वेगळं आहे. त्यांनाच आपण आता आर्किया म्हणतो.

रंग आणि जनुक यांचं नेहमी पटतंच असंही नाही. मेगास्फेरा एल्सडेनी हा लॅक्टिक आम्ल खाणारा जिवाणू रंगवला की ग्रॅम-निगेटिव्ह दिसतो, पण नात्यानं तो बॅसिलोटा या मुख्यतः ग्रॅम-पॉझिटिव्ह संघातला आहे. परीक्षेत मुलं इथं हमखास चुकतात आणि मी त्यांना दोष देत नाही.

मोठ्या गटापासून लहानाकडं जाणारी संपूर्ण उतरंड एका उदाहरणात पाहा. पिंजर फोडणाऱ्या आपल्या जिवाणूचा संघ फायब्रोबॅक्टेरोटा, वर्ग फायब्रोबॅक्टेरिया, गण फायब्रोबॅक्टेरालेस, कुल फायब्रोबॅक्टेरेसी, प्रजाती फायब्रोबॅक्टर, जाती सक्सिनोजेनेस. शेवटचं नाव सक्सिनिक आम्ल तयार करणारा म्हणून पडलं. लॅटिन नाव पाठ करण्याआधी ते फोडून पाहावं. बहुतेक नावांत त्या जिवाणूचा धंदा, आकार किंवा एखाद्या माणसाची आठवण असते.

मग ही नावं सारखी का बदलतात? जुन्या पुस्तकात एक, नव्यात दुसरं.

आपल्या गावाचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, पण जुन्या कागदांवर बेळगावच आहे आणि जागा तीच आहे. जिवाणूंच्या बाबतीतही जुनं आणि नवं नाव एकाच जीवाचं असतं, म्हणून दोन्ही ओळखीची ठेवावीत. फरक इतकाच की इथं नाव बदलण्यामागं नात्याची नवी माहिती असते. फायब्रोबॅक्टरला आधी बॅक्टेरॉइड्स सक्सिनोजेनेस म्हणत. १६एस जुळवल्यावर कळलं की बॅक्टेरॉइड्सशी त्याचं जवळचं नातंच नाही, आणि १९८८ मध्ये त्याला स्वतःची प्रजाती मिळाली. लॅक्टोबॅसिलस या एकाच नावाखाली २६० च्या वर जाती कोंबल्या होत्या. २०२० मध्ये त्यांची २५ प्रजातींत वाटणी झाली. २०२१ मध्ये संघांची नावंही नियमात बसवली: फर्मिक्युट्सचं बॅसिलोटा, बॅक्टेरॉइडेट्सचं बॅक्टेरॉइडोटा, प्रोटिओबॅक्टेरियाचं स्यूडोमोनॅडोटा. जनावरांच्या पोटात पहिल्या दोन संघांचीच सगळ्यात मोठी गर्दी असते.

लग्नातला उरलेला भात म्हशीला घातला तर काय बिघडतं? अन्न वाया जाऊ नये म्हणून घालतो.

भावना बरोबर आहे, आमच्या घरीही तीच होती. शेजारच्या लग्नातला टोपभर भात आणि वर बुंदी आमच्या व्यालेल्या म्हशीच्या गव्हाणीत रिकामी झाली. तिनं आवडीनं खाल्लं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती उठेना. भकाळीत मूठ दाबली तर आत नुसतं पाणी डचमळल्यासारखं लागत होतं, कोठी हलत नव्हती. शेण पातळ, आंबट वासाचं. डोळे खोल गेले होते.

झालं होतं ते असं. शिजलेला भात आणि साखर म्हणजे अगदी तयार पिष्ट. ते मिळालं की स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस हा जिवाणू अतिशय वेगानं वाढतो आणि लॅक्टिक आम्ल सोडतो. एरवी ते आम्ल मेगास्फेरा आणि सेलेनोमोनस खाऊन टाकतात, पण त्यांना संख्या वाढवायला दिवस लागतात आणि बोव्हिसला तास पुरतात. सामू ५ च्या आसपास उतरला की तंतू फोडणारे मरतात, आदिजीव मरतात, आणि लॅक्टोबॅसिलस वाढून आम्लात भरच घालतात. शरीरातलं पाणी कोठीत ओढलं जातं.

पशुवैद्यांनी शिरेतून सलाइन आणि सोडा दिला. दोन दिवसांनी दुसऱ्या निरोगी म्हशीच्या कोठीतला काही लिटर रस नळीनं काढून हिच्या पोटात सोडला. वस्ती उजाड झाली होती, तिथं नवी माणसं आणून बसवावीत तसं. ती वाचली. त्या वेताचं दूध मात्र गेलं. भात घालायचाच असेल तर मूठ-दोन मूठ, रोजच्या आंबोणात मिसळून, आणि जास्त खाल्लेलं कळलं की लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांना फोन.

ऊसतोडीच्या हंगामात नुसतं वाड्यावर, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्यावर, जनावर ठेवलं तर चालतं का?

निपाणी, चिकोडी, अथणी, हुक्केरी या भागात गळीत हंगाम सुरू झाला की वाडे मुबलक, त्यामुळं सगळे तेच घालतात. वाड्यात ऑक्सॅलेट असतं आणि भाताच्या पिंजरातही असतं. ते कॅल्शियमला बांधून ठेवतं, मग दुभत्या जनावराला कॅल्शियम कमी पडतं.

इथं एक छोटा जिवाणू मदतीला असतो, ऑक्सॅलोबॅक्टर फॉर्मिजेनेस. त्याला १९८५ मध्ये नाव मिळालं. तो ऊर्जेसाठी फक्त ऑक्सॅलेटवर जगतो. दुसरं काही समोर ठेवलं तरी त्याचं भागत नाही. वैरणीत ऑक्सॅलेट हळूहळू वाढलं तर त्याची संख्याही वाढते आणि जनावर बरंच ऑक्सॅलेट सोसू शकतं. काल कडबा आणि आज सगळं वाडं असं केलं तर त्याला वेळच मिळत नाही. म्हणून आठ-दहा दिवसांत थोडं थोडं वाढवत जा, सोबत दुसरी वैरण असू द्या आणि खनिज मिश्रण चुकवू नका. हाच जिवाणू माणसांच्या आतड्यातही सापडतो, म्हणून मूतखड्यावर काम करणाऱ्यांचंही त्याच्याकडं लक्ष आहे.

बांधावरचं सुबाभूळ शेळ्यांना घातलं तर केस गळतात, हे खरं का?

जास्त घातलं तर खरं आहे. सुबाभळीत मिमोसिन असतं. त्यानं केस गळतात, आणि कोठीत त्याचं रूपांतर होऊन जो पदार्थ बनतो त्यानं गळ्यातली थायरॉइड ग्रंथी सुजते. ऑस्ट्रेलियात गुरांना हा त्रास फार व्हायचा. तिथले शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांच्या लक्षात आलं की हवाई बेटांवरच्या शेळ्या तोच पाला खाऊन ठणठणीत आहेत. फरक शेळीत नव्हता, तिच्या कोठीत होता. १९८० च्या दशकात हवाईतल्या शेळ्यांच्या कोठीतले जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना दिले आणि त्यांनाही पाला पचू लागला. विष मोडणाऱ्या त्या जिवाणूचं १९९२ मध्ये सिनर्जिस्टिस जोन्सी असं नामकरण झालं. पुढं कळलं की तो कुठल्याच जुन्या संघात बसत नाही, म्हणून सिनर्जिस्टोटा हा वेगळा संघच मांडावा लागला. वर्गातली मुलं विचारतात की वर्गीकरणाचा उपयोग काय, तेव्हा मी ही गोष्ट सांगतो. आपल्याकडं सुबाभूळ एकूण वैरणीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत ठेवावं.

भीमगडच्या जंगलातल्या गव्याचं पोट आणि आमच्या म्हशीचं पोट, जिवाणू वेगळे असतील ना?

प्रमाण वेगळं असणार, कारण चारा वेगळा. मोठे गट मात्र बहुधा तेच. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत ३५ देशांतल्या ३२ प्रकारच्या प्राण्यांचे ७४२ नमुने तपासले होते. प्रेव्होटेला, ब्युटिरिव्हिब्रिओ, रुमिनोकॉकस हे गट जवळपास सगळीकडं सापडले. कोण किती, हे मुख्यतः चाऱ्यावर ठरत होतं आणि काही प्रमाणात प्राण्यावर.

रवंथ न करणाऱ्या प्राण्यांचं काय?

घोडा, गाढव, हत्ती, ससा यांच्यात आंबवण मागच्या बाजूला, मोठ्या आतड्यात आणि त्याच्या सुरुवातीच्या पिशवीत होतं. तोवर पचनाची मुख्य जागा मागं पडलेली असते, म्हणून जिवाणूंच्या शरीरातली प्रथिनं त्यांना म्हशीसारखी मिळत नाहीत. हत्तीच्या पोटातून तर अन्न लवकर पुढं सरकतं, म्हणून त्याच्या लेंड्यात काड्या जशाच्या तशा दिसतात. सशानं वेगळा मार्ग काढला आहे. तो मऊ लेंड्या स्वतःच पुन्हा खातो.

कोंबडीत दोन आंधळ्या पिशव्या असतात, जिवाणू तिथं दाट. १९७३ मध्ये फिनलंडच्या नुर्मी आणि रंताला यांनी दाखवलं की मोठ्या कोंबडीच्या आतड्यातला माल पिलांना दिला तर साल्मोनेला हा रोग पसरवणारा जिवाणू त्यांच्यात सहज घर करत नाही. जागा आधीच भरलेली असते.

मधमाशीच्या आतड्यात मोजकेच गट सापडतात, त्यांत स्नॉडग्रासेला आणि गिलियामेला ठरलेले.

वाळवीचं मात्र सांगायलाच हवं. पावसाळ्यात खानापूर-जांबोटीकडं वारुळावर उगवणारी अळंबी आपण खातो. ती वारुळातल्या वाळवीनं आत जोपासलेली बुरशी असते. लाकूड-पाचोळा फोडण्याचं बरंचसं काम ती बुरशी करते. त्यामुळं या वाळवीच्या पोटातली जिवाणूंची वस्ती, घरातलं लाकूड थेट खाणाऱ्या काही वाळव्यांपेक्षा वेगळी असते. त्या दुसऱ्या प्रकारात चाबकासारखी शेपटी असलेले आदिजीव पोटातच लाकूड फोडतात.

वासराला जिवाणू कुठून मिळतात?

आईच्या जिभेतून, कासेवरून, गोठ्यातून, शेजारच्या जनावराच्या लाळेतून. दूध कोठीला वळसा घालून थेट चौथ्या पोटात जातं, त्यामुळं नुसत्या दुधावर कोठी वाढत नाही. चीक पाजणं पहिलं, आणि दुसऱ्या आठवड्यापासून समोर थोडा भरडा आणि मऊ वैरण. रेडकाच्या बाबतीत तर हे फार महत्त्वाचं, कारण आपल्याकडं रेडकाकडं सगळ्यात कमी लक्ष जातं.

ताक पाजलं किंवा बाजारातली पावडर दिली तर पचन सुधारतं का?

ताकातले जिवाणू दुधात रमणारे आहेत. कोठीत ते घर करत नाहीत आणि पिंजर फोडणं त्यांना येत नाही. भात-धान्य जास्त खाऊन आम्ल झालेल्या जनावराला तर ताक मुळीच नको. पावडरींपैकी बऱ्याच यीस्टच्या, म्हणजे बुरशीच्या असतात. काही जनावरांत थोडा फायदा दिसतो. पण वैरण सावकाश बदलण्यानं जेवढं साधतं तेवढं त्यानं साधत नाही, असं माझं मत आहे. पैसे आधी खनिज मिश्रणावर खर्च करा.

शेणातले जिवाणू माणसाला आजारी पाडतात का?

बहुतेक नाहीत, ते ऑक्सिजन लागताच मरतात. पण एश्चेरिकिया कोलाय उघड्यावर टिकतो. थिओडोर एश्चेरिक यांनी १८८५ मध्ये वर्णन केलेल्या या एकाच जातीत प्रयोगशाळेत रोज वापरला जाणारा निरुपद्रवी वाण आहे आणि १९८२ मध्ये आजाराचं कारण म्हणून ओळखला गेलेला ओ१५७:एच७ हा घातक वाणही आहे. तो गाईच्या आतड्यात तिला काही त्रास न देता राहतो आणि माणसात रक्ती हगवण लावतो. म्हणजे नुसती जाती सांगून भागत नाही, वाण सांगावा लागतो. धार काढण्याआधी कास आणि हात धुवा, आणि कच्चं दूध लहान मुलांना देऊ नका.

सगळे जिवाणू ओळखून झाले का?

नाही, आणि कारण त्यांना वाढवणं अवघड आहे. ऑक्सिजन लागला की यातले बरेच मरतात. अमेरिकेतल्या रॉबर्ट हंगेट यांनी आधी वाळवीवर काम केलं, मग गाईकडं वळले आणि फिरवलेल्या नळीच्या आतल्या भिंतीवर, हवा न लागू देता, जिवाणू वाढवण्याची पद्धत बसवली. त्यांच्या नावानं चाललेल्या प्रकल्पातून २०१८ मध्ये कोठीतल्या ४१० सूक्ष्मजीवांची संपूर्ण जनुकं वाचून प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी २८३ गुरांच्या नमुन्यांतून, न वाढवता थेट डीएनए वाचून, ४,९४१ जनुकसंच जुळवले गेले. त्यांतल्या कित्येकांना अजून रीतसर नावही नाही.

शाळेतल्या मुलांना हे दाखवायचं असेल तर?

पशुवैद्यांनी नळीनं काढलेला कोठीतला रस गरम पाण्यानं तापवलेल्या थर्मासमध्ये आणा. रंग हिरवट-तपकिरी, वास आंबूस पण चांगला. डेअरीत दुधाला लावतात तो मिथिलीन ब्लू इथंही वापरता येतो. थोडा रस परीक्षानळीत घेऊन त्यात निळा रंग मिसळायचा आणि घड्याळ लावायचं. दुधात निळा रंग लवकर उडाला तर दूध खराब. कोठीच्या रसात तो तीन ते सहा मिनिटांत उडाला तर वस्ती जोमदार.

मग एक थेंब काचेवर ठेवून साध्या शाळेच्या सूक्ष्मदर्शकात बघू द्या. जिवाणू इतक्या कमी भिंगात कळत नाहीत, पण एन्टोडिनियमसारखे आदिजीव गिरक्या घेत पळताना दिसतात, काहींच्या पोटात पिष्टाचे कणसुद्धा. काच थंड होईल तसे ते मंदावतात, मग थर्मासमधून दुसरा थेंब घ्यायचा.